भाव सांगा की आधी!

सोयाबीनचा भाव. एवढंच बघायचं असतं आमच्या दादांना. लातूरला आज सौद्यात काय दर निघाला, माल घालायचा की थांबायचं. पण व्हिडिओ लावला की आधी 'नमस्कार शेतकरी मित्रांनो', मग सबस्क्राइब करा, मग घंटी दाबा, मग कुठल्यातरी फवारणीच्या औषधाचं कौतुक. दर येतो सातव्या मिनिटाला, तोही परवाचा! हे लांबण कशासाठी, ते आता कळलंय मला. व्हिडिओ ८ मिनिटांचा झाला की यूट्यूबवर मधेमधेही जाहिराती टाकता येतात, आणि त्या कमाईतला ५५ टक्के वाटा व्हिडिओवाल्याचा. कमवा ना, कोण नको म्हणतंय? उन्हातान्हात रानात उभं राहून बोंड फोडून अळी दाखवणारी पोरंही आहेत, त्यांचे व्हिडिओ मी जाहिरातींसकट शेवटपर्यंत बघते. पण वर मोठ्या अक्षरात 'भाव ८०००' लिहायचं आणि आत 'जाऊ शकतो' म्हणायचं? त्या आकड्यावर विसंबून दादांनी गेल्या वर्षी तीस कट्टे घरात ठेवले आणि शेवटी पडत्या भावात घातले. बियाण्याची उधारी अजून फिटायची आहे.