कोर्स विकला गेला, पण शिकवून झाला का?

ऑनलाइन कोर्सच्या व्यवसायाविषयी जे सल्ले दिले जातात, त्यांतला ‘एकदा रेकॉर्ड करा आणि आयुष्यभर कमवा’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. घातक अशासाठी, की त्यात शिकणारा माणूस कुठेच नाही.

मी स्प्रेडशीट शिकवते. पहिल्या कोर्ससाठी मी चार महिने एकटीने बसून बावन्न व्हिडिओ रेकॉर्ड केले, आवाज स्वच्छ केला, संकलन केले आणि मगच विक्री सुरू केली. पैसे आले, परंतु डॅशबोर्ड उघडून पाहिला, तेव्हा बहुतेक विद्यार्थी सातव्या धड्यापाशी थांबलेले दिसले. त्या धड्यात मी थेट सूत्रांना हात घातला होता आणि माहिती ओळी-स्तंभांत नीट कशी मांडावी, हे आधी शिकवलेच नव्हते. समोर दहा माणसे बसलेली असती, तर ही चूक त्यांच्या चेहऱ्यांवरून पहिल्याच दिवशी कळली असती.

अर्धवट सुटणारे कोर्स ही या क्षेत्राची जुनी दुखरी जागा आहे. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सेबॅस्टियन थ्रन आणि गूगलचे पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सर्वांसाठी विनामूल्य खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नोंदणी केली. तो पूर्ण करणारे वीस-बावीस हजारांच्या आसपास होते. एमआयटी आणि हार्वर्ड या विद्यापीठांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर चालवलेल्या कोर्सांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यानुसार २०१७-१८ या वर्षात नोंदणी करणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के शेवटपर्यंत पोहोचले. शुल्क भरून प्रमाणपत्राचा मार्ग घेतलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. म्हणजे पैसे मोजल्याने माणूस अधिक टिकतो, हे खरे. तरीही निम्म्याहून अधिक लोक पैसे भरून मध्येच थांबतात आणि विक्रीचा आकडा पाहून खूश होणाऱ्याला ते दिसत नाहीत.

या व्यवसायाची रचनाच विक्रेत्याचे लक्ष दुसरीकडे ओढते. यूडेमी या शिक्षकांचे कोर्स विकणाऱ्या संकेतस्थळाने स्वतः मिळवलेल्या विद्यार्थ्याच्या शुल्कातले ३७ टक्के शिक्षकाला मिळतात आणि शिक्षकाने आपल्या लिंकवरून आणलेल्या विद्यार्थ्याचे ९७ टक्के. साहजिकच शिक्षक धडे सुधारण्याऐवजी जाहिरातीत गुंततो. पुढची पायरी म्हणजे पान पुन्हा उघडले की नव्याने सुरू होणारे ‘सवलतीची शेवटची दहा मिनिटे’ हे घड्याळ. ज्याला आपण उद्यापासून काही शिकवणार आहोत, त्याच्याशी पहिल्याच भेटीत खोटे बोलणे मला अक्षम्य वाटते.

म्हणून मी क्रम उलटा केला. आधी शुल्क घेऊन बारा जणांची थेट बॅच घेतली आणि प्रत्येक धड्यानंतर गृहपाठ मागवून तो स्वतः तपासला. जिथे तिघांनी एकच चूक केली, तो धडा मोडून पुन्हा लिहिला. रेकॉर्डिंग त्यानंतर केले, तेही बावन्नऐवजी एकोणीस व्हिडिओंचे आणि एका व्हिडिओत एकच काम शिकवणारे. गृहपाठ तपासायला वेळ लागतो, त्यामुळे शुल्क वाढवावे लागले आणि विद्यार्थी कमी झाले. मला ते मान्य आहे, कारण आता आलेल्या गृहपाठांत लोकांची स्वतःच्या कामाची हिशेबपत्रके दिसतात. सातवा धडा मात्र अजूनही काही जणांना जड जातो. तो मी सध्या तिसऱ्यांदा लिहीत आहे.