कडुनिंबाचे तेल पुरेसे नाही

गरोदरपणात डासांपासून बचावासाठी 'रसायन नको' म्हणून कडुनिंबाचे तेल आणि कापूर एवढ्यावरच भागवावे, हा आपल्याकडे छापून आलेल्या लेखातील सल्ला मला अपुरा वाटतो. डीट किंवा पिकारिडिन ही डास दूर ठेवणारी रसायने असलेले मलम वेष्टनावरील सूचनांप्रमाणे लावल्यास गर्भवतींसाठी सुरक्षित मानले जाते. उलट डासांमुळे पसरणाऱ्या झिका विषाणूमुळे बाळाच्या मेंदूच्या वाढीवर आणि मलेरियामुळे त्याच्या वजनावर होणारा परिणाम सिद्ध झालेला आहे. मलम उघड्या त्वचेवरच, जखम व डोळे टाळून लावावे आणि घरात आल्यावर धुऊन टाकावे. सनस्क्रीन लावत असाल तर ते आधी, मलम नंतर.

आपल्या नागपुरात मात्र खरा प्रश्न कूलरचा आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. कूलरच्या टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून देतात, पण पाण्याच्या रेषेवर चिकटलेली, कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकणारी या डासाची अंडी काथ्याने घासून काढावी लागतात, हे लेखात यायला हवे होते. अर्थात ते घासण्याचे काम घरातल्या इतरांनी करावे, गर्भवतीने वाकून नव्हे! बंद खोलीत अगरबत्तीसारखी कॉइल जाळणे तर टाळावेच.