मागे स्टँड दिसला म्हणजे माणूस मेलेला?

आत्याने हॉलमधला पणजोबांचा फोटो उतरवून माळ्यावर टाकलाय. कारण एक फॉरवर्ड: "जुन्या फोटोत माणसामागे लोखंडी स्टँड दिसला तर तो मेलेला समजावा. तेव्हा फोटोला आठ तास लागत. इतका वेळ प्रेतच स्थिर राहू शकतं." शिवाय फोटोग्राफी १८३९ मध्ये एकट्या दागेरने शोधली आणि भारतात कॅमेरा १९०० नंतर आला, हेही त्यात आहेच. पणजोबांना त्या फोटोनंतर तीन मुलं झाली. त्यातलं शेंडेफळ म्हणजे खुद्द आत्याचे वडील!

आठ तासांचं मूळ फ्रान्समधल्या नीप्सच्या पत्र्यात आहे. १८२६-२७ च्या सुमारास त्याने डांबर लावलेल्या कथलाच्या पत्र्यावर खिडकीबाहेरचं दृश्य उमटवलं. त्याला आठ तास लागले असं म्हणतात. काही अभ्यासकांच्या मते तर कित्येक दिवस. पण त्यात आहेत ती घरांची छपरं, माणूस एकही नाही. दागेर १८२९ मध्ये याच नीप्सचा भागीदार झाला, म्हणजे 'एकट्याने' हा शब्दही गेला. इंग्लंडमध्ये टॅल्बटने १८३५ मध्येच कागदावर निगेटिव्ह मिळवली होती, ते वेगळंच.

आता दागेरचा १८३८ चा पॅरिसमधल्या रस्त्याचा फोटो बघा, नेटवर सहज सापडतो. रस्ता वर्दळीचा, पण फोटोत ओस, कारण हलणारं काहीच उमटलं नाही. उमटला तो कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस. पॉलिशला आठ तास लागत नाहीत. काही मिनिटं बऱ्यापैकी स्थिर उभा राहिला, तेवढं पुरलं. १८४० मध्ये पेट्झवालची जास्त उजेड घेणारी लेन्स आली, रसायनंही सुधारली आणि काम मिनिटाच्या आत येऊ लागलं.

आणि तो स्टँड! अहो, प्रेत हलत नाही. त्याचं डोकं स्थिर ठेवायला चिमटा कशाला लागेल? मान हलते ती जिवंत माणसाची, म्हणून स्टुडिओवाले मागून आधार देत. बारीक दांडा, वर डोक्यामागे टेकणारा चिमटा. त्याला वजन पेलायचंच नव्हतं. साठ किलोचं निर्जीव शरीर त्यावर उभं करायला गेलात तर दांड्यासकट खाली येईल.

"डोळे पांढरट, म्हणजे मेलेला" हाही तसलाच शोध. जुन्या प्लेटवर निळा रंग फिकट उमटायचा, त्यामुळे निळ्या डोळ्यांचा साहेब भुतासारखा दिसे.

मृतांचे फोटो काढत, हे खरं. विशेषतः लहान मुलांचे, कारण अनेकदा तोच एकुलता फोटो असायचा. पण ते बिछान्यावर, शवपेटीत किंवा आईच्या मांडीवर. आणि गंमत म्हणजे त्या काळातलं एक प्रसिद्ध 'प्रेत' चक्क जिवंत होतं: १८४० मध्ये फोटो काढायची स्वतःची पद्धत शोधलेल्या बायारने, आपल्याला डावलून दागेरला मान दिला म्हणून, स्वतःचाच बुडून मेल्याचा फोटो काढला. डोळे मिटून बसला, बस्स.

राहता राहिलं १९००. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सुरुवातीच्या काळातच मुंबईत फोटो काढत होते. साहेब नव्हते ते.