बॅग कमरेतून उचलू नये

परमुलखात कुणी मदत केली नाही तर माझं काही म्हणणं नसतं. ज्याचे त्याचे व्याप. पण पुलावर ऐसपैस उभं राहून, चिवडा खात खात, मदतीऐवजी मार्गदर्शन करणारा माणूस भेटला की डोकं फिरतं.

व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या. रिक्षा नाही, टॅक्सी म्हणाल तर ती पाण्यातली आणि परवडणारी नाही. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोर कालवा. एक नंबरची बोट, म्हणजे व्हापोरेत्तो, पकडायची (साडेनऊ युरो, पंचाहत्तर मिनिटं, चढण्याआधी धक्क्यावरच्या यंत्राला तिकीट टेकवायचं, नाहीतर वर दंड), सान झाक्कारियाला उतरायचं, आणि पुढे तुम्ही, तुमची बॅग आणि तुमचं नशीब.

धक्क्याजवळच्या पोन्ते देल व्हिन या पुलावर काका उभे होते. टूरवाल्यांची टोपी, गळ्यात ओळखपत्र, पांढरेशुभ्र बूट.

"पाय वाकव, कंबर नको!"

शुद्ध मराठीत. मी दचकले, बॅग एक पायरी खाली घसरली.

"मराठी कसं ओळखलंत?"

"अगं, बॅगेला ब्लाउजपीसची चिंधी बांधलीय. आणखी कोण बांधणार?" मूठभर चिवडा तोंडात. "एकटीच?"

"हो."

"म्हणजे मिस्टर मागून येतायत."

"नाही काका. एकटीच."

"मैत्रिणी?"

"एकटी."

काकांनी माझ्या मागे पाहिलं, मग कठड्यावरून वाकून कालव्यातही पाहिलं. तिथेही माझं कुणी नव्हतं.

"कुठली तू?"

"साताऱ्याची." एक पायरी.

"साताऱ्यात कुठे? पोवई नाक्याला माझे साडू असतात."

"नाही ओळखत." दुसरी पायरी.

"असं कसं? बँकेतून रिटायर झाले. उंच आहेत!"

शेजारच्या काकूंना राहवलं नाही. "अहो, धरा की जरा पोरीची बॅग."

"मी? मला डॉक्टरांनी दोन किलोच्या वर उचलायला बंदी केलीय. म्हणून तर सांगतोय! कमरेतून उचलू नये. गुडघ्यात बस, बॅग पोटाशी घे, मग ऊठ. हां! बघ, जमलं की नाही?"

जमलं होतं. तेच जास्त लागलं.

"किती दिवस आहेस?"

"आठवडाभर."

"आठवडा? अगं, करणार काय? आमचं अडीच तासांत झालं. चौक बघितला, चर्च बाहेरून बघितलं, काच फुंकताना बघितली. रात्रीचं जेवण ऑस्ट्रियात!"

मी माथ्यावर पोचून धापा टाकत मागे वळले तर काकांचा मोबाइल माझ्यावर रोखलेला. "नाशिकच्या आमच्या घरच्या ग्रुपवर टाकतो. आमच्या नातवांना कळू दे जिद्द काय असते ती. आता उतर, सावकाश. चेहरा इकडे."

म्हणजे आज नाशिकच्या कुठल्यातरी ग्रुपवर मी 'जिद्द' या नावाने फिरते आहे, घामाघूम, तोंड उघडं.

आता जरा बॅगेचं. विमानाला लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर चालते; व्हापोरेत्तोत फुकट नेता येणारी बॅग १५० पर्यंतची. म्हणजे विमानाच्या मापाने घेतलेली मोठी बॅग बोटीच्या मापाने आठ सेंटिमीटरची गुन्हेगार. चार फिरत्या चाकांची असेल तर अजूनच पंचाईत. चाकं सुपारीएवढी, पायरीच्या कडेला अडतात, त्यामुळे सगळं वजन हातावर. सपाट जागीही फरशीच्या फटींत रुततात. तिथल्या आज्यांच्या भाजीच्या ट्रॉलीला दोनच चाकं असतात, पण मोठी. आजी पाठमोरी चढते, चाक पायरीला टेकवून ओढते, झालं. चाकांच्या बॅगांचा खडखडाट इतका की २०१४ साली त्यांच्यावर बंदी घालायचा विचार झाला होता; तो पुढे बारगळला. ऑक्टोबरातल्या मॅरेथॉनसाठी धक्क्यालगतच्या काही पुलांवर तात्पुरते उतार बसवतात आणि नंतर काही महिने राहू देतात. मी पोचले तेव्हा अर्थातच काढून नेलेले होते.

पूल संपले की पत्ता सुरू होतो. गावाचे सहा भाग आणि घरांचे आकडे गल्लीवार नसून अख्ख्या भागाचे सलग. त्यांतल्या कास्तेल्लो भागात ते साडेसहा हजारांच्या पुढे जातात. नुसतं 'कास्तेल्लो आणि आकडा' एवढ्या पत्त्यावर घर शोधणं म्हणजे अख्खी पेठ मोजत फिरणं. यजमानाकडून तीन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात: गल्लीचं नाव, जवळचा चौक आणि जवळचा बोटीचा थांबा. चौक हवाच, कारण एकाच नावाच्या गल्ल्या गावभर आहेत. 'भट्टीची गल्ली' तर जागोजागी. अरुंद बोळात मोबाइलवरचा निळा ठिपका भिंतीतून आरपार जातो. त्याचं ऐकलं की आपण पाण्यापाशी.

आणि एकट्याचा हिशोब तर विचारूच नका. खोली दोघांची, भाडं दोघांचं, झोपायचं एकीने. जेवायला बसलं की कोपेर्तो म्हणून माणशी दोन-चार युरो, म्हणजे टेबलाशी बसल्याचे. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यावी, दीडेक युरोत होते. तीच सान मार्को चौकात खुर्चीवर बसून प्यायली आणि बाजूला वाद्यवृंद वाजत असला तर संगीताचे पैसेही बिलात. कान झाकून घेतले तरी. २०२४ पासून काही ठरावीक तारखांना दिवसापुरत्या पाहुण्यांना प्रवेशशुल्क आहे. मुक्कामी माणसाला ते माफ, पण माफ आहे याची नोंद ऑनलाइन करून क्यूआर कोड जवळ बाळगायचा. न द्यायच्या पैशांची पावती! शिवाय मुक्कामाचा कर वेगळा, तोही रात्रीगणिक. गावात रोज लोंढे येतात, राहणारे वैतागलेत, हे मला पटतं. पण अडीच तासांत चौक तुडवून ऑस्ट्रियाला जाणारे आणि आठवडाभर इथेच भाजी विकत घेणारी मी, दोघांकडे सारख्याच संशयाने का बघायचं?

गोंडोला दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. दर माणशी नाही, होडीचा. पाच जणांत वाटला तर सुसह्य; एकटीने बसायचं तर मागे रिकाम्या जागांसाठीही आपणच पैसे मोजायचे. त्यापेक्षा त्रागेत्तो बरा: तसलीच काळी होडी, दोन नावाडी, मोठा कालवा आडवा ओलांडून देतात, माणशी दोन युरो. मासळीबाजाराजवळून सान्ता सोफियाला जाणारा सोयीचा. सुटे पैसे हातात तयार ठेवा, आणि होडीत मोठी बॅग नेऊ नका.