साडेतीनशे रुपयांची बचत

लेकीच्या अ‍ॅनिमेशनच्या कोर्ससाठी कॉम्प्युटर जोडून घ्यायचं ठरलं आणि घरात दोन सल्लागार उगवले. कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसरची चिप, बनवणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांपैकी भाचा इंटेलवाला, समोरच्या ब्लॉकमधले काका एएमडीवाले. काका 'रायझन' हे एएमडीच्या प्रोसेसरचं नाव अशा आवाजात उच्चारतात, की चप्पल काढूनच ऐकावं.

मी पडलो भिडस्त. दोघांचंही मन राखलं. प्रोसेसर काकांच्या कंपनीचा घेतला; तो ज्यात बसतो तो मदरबोर्ड मात्र भाच्याच्या कंपनीच्या प्रोसेसरसाठीचा. तपकीर गल्लीतली दोन दुकानं पालथी घालून साडेतीनशे रुपयेही वाचवले.

रात्री डायनिंग टेबलावर 'सकाळ' पसरला आणि डबे फोडले. प्रोसेसरच्या पोटाला केसासारख्या बारीक सोनेरी पिना. (१३३१. काकांना पाठ आहेत.) बोर्डावरची काळी टोपी काढली, तर तिथंही पिना! चांगल्या १७००. भोकं कुणालाच नाहीत. वरपक्ष आणि वधूपक्ष दोघंही मानपानाला अडून बसावेत, तसे ते समोरासमोर. मी जरा दाबून पाहणार होतो, तेवढ्यात भाचा किंचाळला, "मामा, हात काढ!"

मग त्यानं अख्खा इतिहास काढला. इंटेल १९६८ची, एएमडी १९६९ची; दोन्हींचे संस्थापक फेअरचाइल्ड नावाच्या एकाच कंपनीतून बाहेर पडलेले. पुढं आयबीएमनं पीसी काढला आणि एकाच दुकानदारावर विसंबायला नकार दिला. म्हणून १९८२ साली इंटेलला आपली चिप बनवायची परवानगी एएमडीला द्यावी लागली. नंतर कोर्टकचेऱ्या. २००९मध्ये तर इंटेलनं सव्वा अब्ज डॉलर मोजून एक भांडण मिटवलं. पण गंमत पुढंच आहे. २००३मध्ये एएमडीनं इंटेलच्याच जुन्या चिपच्या घराण्यावर ६४ बिटांचा, म्हणजे एका दमात जास्त मोठे आकडे हाताळणारा, मजला चढवला आणि वर्षभरात इंटेलही त्या मजल्यावर राहायला गेली.

"म्हणजे सदाशिव पेठेतला वाडाच की," मी म्हणालो. "तळमजला एकाचा, माडी दुसऱ्याची, जिना सामायिक आणि दिवाळीलाही बोलणं नाही."

"अहो, पण ज्यांचं आपसात पटत नाही, त्यांचे सुटे भाग एकत्र आणायला तुम्हाला सांगितलं कुणी?" हिनं विचारलं. सल्लागार दोघंही पंख्याकडं बघू लागले.

दुसऱ्या दिवशी बोर्ड परत करायला गेलो. दुकानदारानं आधी बोर्डाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, चष्म्यावरून. "मिसळ एकीकडची, पाव दुसरीकडचा, चालतं. इथं नाही चालत." खोका फोडल्याचे पाचशे कापले. म्हणजे वाचवलेले साडेतीनशे गेले आणि वर दीडशेचा भुर्दंड. उरलेल्या पैशांत एएमडीला चालणारा बोर्ड घेतला. प्रोसेसर त्यात कसा, अलगद, स्वतःच्या वजनानं बसला! काका तीन दिवस जिन्यात शीळ घालत होते.

आता ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. काका तिथंही एएमडीवालेच आहेत. भाचा एनव्हिडिया या तिसऱ्याच कंपनीच्या पक्षात गेलाय.