सखारोव पुरस्कार फितुरांना मिळतो म्हणे!

सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. भावपूर्ण श्रद्धांजली आणि चादरींच्या सेलच्या मधोमध तो येऊन पडतो, खाली दहा-बारा अंगठे उमटतात आणि तो पुढच्या ग्रुपवर जातो. मजकूर थोडक्यात असा: युरोपची संसद दरवर्षी मानवी हक्क आणि विचारस्वातंत्र्यासाठी ‘सखारोव पुरस्कार’ देते, तो निव्वळ बनाव आहे. ज्याच्या नावाने देतात तो हायड्रोजन बॉम्बवाला. मिळतो फक्त युरोप-अमेरिकेच्या शत्रुदेशांतल्या फितुरांना. ते पैसे घेऊन परदेशात ऐश करतात. म्यानमारच्या नेत्या आंग सान सू चींना दिला, त्यांनी काय दिवे लावले ते जगाने पाहिलं. आणि मुळात मानवी हक्क हे गोऱ्यांचं खूळ, आपल्या मातीत ते कधी नव्हतंच.

बॉम्बपासून सुरुवात करू, कारण ते अर्धं खरं आहे. शास्त्रज्ञ आंद्रेई सखारोव सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक होते. पण मेसेज तिथेच थांबतो, माणूस मात्र थांबला नाही. हवेत होणाऱ्या अणुचाचण्यांच्या किरणोत्साराने किती माणसं मरतील, याचा हिशेब त्यांनी स्वतः मांडला आणि चाचण्या आवरा म्हणून ते आपल्याच सरकारच्या मागे लागले. १९६८ मध्ये विचारस्वातंत्र्यावरचा त्यांचा निबंध परदेशात छापून आला आणि त्यांना गुप्त संशोधनातून बाहेर काढण्यात आलं. १९७५ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, पण देश सोडायची परवानगी मिळाली नाही. पत्नी येलेना बॉनर यांनी ओस्लोत ते स्वीकारलं. अफगाणिस्तानात सैन्य घुसवण्याला विरोध केला म्हणून जानेवारी १९८० मध्ये त्यांची रवानगी गॉर्की शहरात झाली. दारावर पोलीस, घरात फोन नाही. डिसेंबर १९८६ मध्ये एके दिवशी माणसं आली आणि फोन बसवून गेली. दुसऱ्या दिवशी त्या फोनवर सोव्हिएत नेते गोर्बाचेव होते: मॉस्कोला परत या. सुटकेची बातमी ऐकणाऱ्या सखारोवांनी त्याच फोनवर विषय काढला तो नुकत्याच तुरुंगात मेलेल्या एका मित्राचा आणि अजून आत असलेल्या बाकीच्यांचा.

तो मित्र म्हणजे अनातोली मार्चेंको. १९८८ मध्ये पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या दोन मानकऱ्यांत त्याचं नाव होतं, मरणोत्तर. सोलापूरसारख्या रेल्वे आणि गिरण्यांच्या गावाला हा माणूस ओळखीचा वाटावा. सायबेरियातल्या रेल्वे कामगाराचा मुलगा. खोदकाम, हमाली असली कामं करून पोट भरणारा. सोव्हिएत छावण्यांत काय चालतं ते त्याने लिहून बाहेर पोचवलं आणि पुन्हा पुन्हा आत गेला. सगळ्या राजकीय कैद्यांना सोडा, या मागणीसाठी त्याने तुरुंगात उपोषण केलं आणि त्यानंतर तो तिथेच वारला. यात परदेशातली ऐश कुठे बसवायची, ते मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावं.

पुरस्काराची रक्कम आहे ५०,००० युरो, म्हणजे साधारण ५० लाख रुपये. सोलापुरात तेवढ्यात बरा फ्लॅट येईल, नाही असं नाही. पण तो घ्यायला माणूस मोकळा हवा ना! तुर्कस्तानच्या कुर्द खासदार लैला झाना यांना १९९५ चा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तुरुंगात होत्या. हातात घ्यायला २००४ उजाडलं. सौदी अरेबियाचे ब्लॉगर रैफ बदावींना २०१५ मध्ये मिळाला. ते कोठडीत, शिक्षेत चाबकाचे फटकेही होते, म्हणून पत्नी गेली. २०१९ मध्ये चीनमध्ये जन्मठेप भोगणाऱ्या इल्हाम तोहती या उइघुर प्राध्यापकाची मुलगी गेली. २०२१ मध्ये रशियाचे विरोधी नेते नवाल्नींची मुलगी गेली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नवाल्नी तुरुंगातच वारले.

आता ‘फक्त शत्रुदेश’. वरच्याच यादीत उत्तर आहे. तुर्कस्तान नाटोचा सदस्य आहे आणि सौदीशी तर सगळ्यांचीच गळाभेट. पहिल्या वर्षीचे दुसरे मानकरी होते नेल्सन मंडेला. तेव्हा ते कैदेत होते आणि त्यांच्या पक्षाला ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई दहशतवादी म्हणत होत्या. अमेरिकेने आपल्या दहशतवादविषयक यादीतून मंडेलांचं नाव काढलं ते २००८ मध्ये. २००० मध्ये हा पुरस्कार खुद्द स्पेनमधल्या ‘बस्ता या’ या दहशतवादविरोधी गटाला मिळाला, म्हणजे युरोपीय संघाच्या घरातच. २००१ मध्ये इस्रायलच्या नुरित पेलेद-एलहानन आणि पॅलेस्टिनी लेखक इज्जत गझ्झावी यांना एकत्र मिळाला. तिने मुलगी बाँबस्फोटात गमावलेली, त्याने मुलगा इस्रायली सैनिकांच्या गोळीबारात.

तरीही या मुद्द्यात दम आहे, हे मी नाकारणार नाही. हा पुरस्कार साधूसंत देत नाहीत. संसदेतले राजकीय गट किंवा किमान ४० खासदार नावं सुचवतात, समित्या तीन नावं निवडतात आणि शेवटचा निर्णय संसदेचे अध्यक्ष आणि गटनेते मिळून घेतात. तिथे राजकारण होणारच. क्युबातल्यांना तीनदा, बेलारूसमधल्यांना चारदा मिळालाय. २०१३ मध्ये अमेरिकेची पाळत उघडी पाडणारा एडवर्ड स्नोडेन शेवटच्या तिघांत होता, मिळाला मलालाला. कोणाकडे बोट दाखवायचं हे युरोप सोयीने ठरवतो, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण बोट दाखवणाऱ्याचा स्वार्थ निघाला म्हणून कोठडीत बसलेला माणूस फितूर ठरत नाही. मार्चेंको युरोपच्या सांगण्यावरून उपाशी राहिला नव्हता.

सू चींचं उदाहरण सगळ्यात बोचरं, आणि ते बरोबर दिलंय. १९९० चा पुरस्कार त्यांना लष्कराच्या नजरकैदेत असताना मिळाला. पुढे सत्तेत आल्यावर रोहिंग्या मुसलमानांच्या कत्तलीवर त्या गप्प राहिल्या, इतकंच नाही तर आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन आपल्या लष्कराची बाजू मांडून आल्या. सप्टेंबर २०२० मध्ये युरोपच्या संसदेने त्यांना मानकऱ्यांच्या मंडळातून निलंबित केलं. पुरस्कार मात्र काढून घेतला नाही, कारण तो १९९० पूर्वीच्या कामासाठी होता. मला ते पटतं, तुम्हाला कदाचित पटणार नाही. २०२१ मध्ये त्याच लष्कराने त्यांना पुन्हा पकडलं, हे मेसेजमध्ये नाही.

राहिलं गोऱ्यांचं खूळ. हे सोलापूरकराने म्हणावं? बाराव्या शतकात आपले सिद्धरामेश्वर ज्या शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, मेळ्यात वचनं म्हणत होते, तिथे जातीची उतरंड नाकारली जात होती आणि अक्कमहादेवी पुरुषांच्या बरोबरीने वाद घालत होती. ‘दुसऱ्यांच्या देशात नाक कशाला खुपसायचं’ हा याच मुद्द्याचा भाऊबंद. १९३८ मध्ये आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी जखमींची शुश्रूषा करायला गेले आणि तिथेच वारले, त्यांना आपण एजंट म्हणत नाही. चीनही त्यांना मानतो. त्याच चीनमध्ये एड्सग्रस्त खेडुतांसाठी झटणाऱ्या हू जिया यांना २००८ चा पुरस्कार मिळाला तेव्हा ते तुरुंगात होते, आणि त्यांची निवड करू नका म्हणून चिनी राजदूताने युरोपच्या संसदेला पत्र धाडलं होतं.

आणि १९३०. मे महिन्यात या शहरावर मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ पत्राचे संपादक कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. इंग्रज सरकारच्या कागदांत ते पोलिसांचे खुनी होते. दर जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या धामधुमीत आपण चार पुतळ्यांना हार घालतो आणि फोटो याच ग्रुपवर टाकतो.

२०२५ चा पुरस्कार दोन पत्रकारांना जाहीर झाला: बेलारूसचे आंद्रेई पोचोबुत आणि जॉर्जियाच्या म्झिया अमाग्लोबेली. नावं जाहीर झाली त्या दिवशी दोघंही तुरुंगात होते. पोचोबुत यांना ८ वर्षांची शिक्षा झाली होती. आरोप, देशाच्या सुरक्षेला धोका.