आक्रमक वनस्पतींविषयीचे लोकमत कसे मोजावे

परकीय आक्रमक वनस्पतींविषयी नागपूरकरांचे मत अजमावण्याचे काम आपल्या गळ्यात पडले असेल, तर सर्वप्रथम कोणालाही वनस्पती न दाखवण्याची दक्षता घ्यावी. घाणेरीच्या पिवळ्या-गुलाबी फुलांचे छायाचित्र समोर धरले, तर तिचे रोप कुठे मिळेल अशी उलट विचारणा होण्याचा धोका असतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती शोभेसाठीच तर आणली होती. त्यापेक्षा नुसते नाव उच्चारावे. घाणेरी म्हणताच नाके मुरडली जातात आणि बेशरम या झुडपाचे नाव घेतल्यावर तर साक्षीपुराव्याचीही गरज उरत नाही.

'परकीय' हा शब्द प्रत्येक प्रश्नात हवाच. मात्र मुलाखत तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी चालली असेल, तर तर्रीतली मिरचीही अमेरिका खंडातूनच आली आहे, आणि बाहेरून येणे वेगळे व पसरून इतरांना जगू न देणे वेगळे, हा विषय निघू देऊ नये.

प्रश्न नेहमी जोडून विचारावेत. "अंबाझरी तलावातील जलकुंभी काढावी आणि त्यासाठी कर वाढवावा, हे आपणांस मान्य आहे ना?" याला नकार आला, तर लोकांना जलकुंभी प्रिय आहे असे लिहिता येते आणि होकार आला, तर कर प्रिय आहे असे. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली, 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टी यासाठी फार सोयीची आहे, कारण ज्याने जलकुंभी कधी पाहिली नाही तो, जो तिला कंटाळला आहे तो आणि ज्याला कार्यालयात जायची घाई आहे तो, असे तिघेही मधल्याच पायरीवर येऊन उभे राहतात. त्यांची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत द्यावी.

नमुना म्हणून फुटाळा तलावावर सकाळी फिरायला येणारे पुरेत. गाजरगवत निंदून हातांना खाज सुटलेल्या मजूर बाईला किंवा पेंचकडच्या गुराख्याला विचारण्याच्या भानगडीत पडू नये. घाणेरी खाऊन गाय आजारी पडते आणि तिच्या जाळीखाली चारा उगवत नाही, हे त्याला ठाऊक असल्याने त्याचे उत्तर निःपक्षपाती राहत नाही. चुकून तो भेटलाच आणि "पन साहेब, हे उपटन कोन?" असे त्याने विचारले, तर ते 'इतर' या रकान्यात नोंदवावे.